मुंगी वाळवंटात हरवत का नाही? कीटकांच्या मेंदूतलं दिशेचं वर्तुळ

ट्युनिशियातल्या मिठाच्या सपाट मैदानांवर कॅटाग्लिफिस नावाची एक मुंगी राहते. भर दुपारी, जमीन इतकी तापलेली असते की बाकीचे किडे मरून पडतात, तेव्हा ही बाहेर निघते आणि ते मेलेले किडे शोधत फिरते. शोधताना सरळ चालत नाही, इकडे वळ, तिकडे वळ, जरा मागे ये, परत पुढे जा, असं करत करत वारुळापासून शेकडो मीटर लांब पोचते. पण एकदा काहीतरी सापडलं की तोंडात धरते आणि आलेली वाकडीतिकडी वाट पूर्ण सोडून देऊन थेट सरळ रेषेत वारुळाकडे पळत सुटते. आणि वारुळाचं तोंड म्हणजे जमिनीतलं एक बारीकसं भोक! वासाचा माग नाही कारण या मुंग्या तसा माग काढत चालतच नाहीत, आजूबाजूला झाड नाही, खडक नाही, नुसतं सपाट मैदान.

आता या मुंगीला अन्न सापडल्या सापडल्या उचललं आणि थोडं लांब नेऊन सोडलं तर काय होतं? ती त्याच दिशेने, तेवढंच अंतर पळते, म्हणजे उचललं नसतं तर जितकं पळाली असती तितकंच, आणि जिथे वारूळ असायला हवं होतं तिथे येऊन थांबते, मग घिरट्या घालत शोधायला लागते. आधी छोटं वर्तुळ, मग मोठं, परत मधोमध, परत मोठं. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते की ती वारूळ बघून किंवा हुंगून येत नव्हती, तिच्या डोक्यात एक बाण होता, "घर या दिशेला, इतकं लांब", आणि ती त्या बाणावर पळत होती. तो बाण ती बाहेर निघाल्यापासून प्रत्येक पावलाला अपडेट करत आलेली असते. याला पाथ इंटिग्रेशन म्हणतात. स्वित्झर्लंडमधल्या झुरिच विद्यापीठातल्या रुडिगर वेनर नावाच्या शास्त्रज्ञाने या मुंग्यांवर कित्येक दशकं काम केलं आणि आज आपल्याला या विषयात जे माहितीये त्यातलं बरंच त्यांच्यामुळे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांमुळे माहितीये.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हे की मुंगीच्या मेंदूत न्यूरॉन, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या पेशी, असतात साधारण २.५ लाख, मधमाशीच्या १० लाखाच्या आसपास, आणि माणसाच्या सुमारे ८,६०० कोटी. तरी मुंगीला जे जमतं ते मोकळ्या मैदानात आपल्याला होकायंत्राशिवाय जमत नाही. मग एवढ्याशा मेंदूत हे गणित बसतं कसं? गेल्या १५-२० वर्षांत याचं उत्तर बऱ्यापैकी हातात आलंय, आणि ते असं आहे की हे गणित न्यूरॉनच्या मांडणीतच बसवलेलं आहे, कोणता न्यूरॉन कोणाला जोडलाय त्यातच बेरीज, वजाबाकी, तुलना सगळं आलं. हे कसं ते नीट बघूया, कारण खरी मजा तिथे आहे.

बाण काढायला दोन गोष्टी लागतात, मी आत्ता कुठल्या दिशेला तोंड करून आहे आणि मी किती अंतर आलो. दिशेचं आधी घेऊ.

१९११ साली ट्युनिशियातच राहणाऱ्या फेलिक्स सांची नावाच्या स्विस डॉक्टरने एक साधा प्रयोग केला. घरी परतणाऱ्या मुंगीच्या बाजूला पडदा धरून सूर्य झाकला आणि दुसऱ्या बाजूने आरशातून सूर्य दाखवला. मुंगी उलटी फिरून चालायला लागली. म्हणजे सूर्य हा कंपास. पण त्याच्याच लक्षात आलं की सूर्य दिसत नसेल, आभाळाचा नुसता एक तुकडा दिसत असेल तरी मुंग्या दिशा पकडून चालतात, आणि हे का ते त्याला उलगडलं नाही. ते उलगडलं १९४९ मध्ये, कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाश्यांवर काम करताना. सूर्यप्रकाश हवेतून येताना विखुरतो आणि विखुरताना त्याच्या लहरी एका ठराविक पातळीत कंप पावायला लागतात, यालाच पोलराइज्ड प्रकाश म्हणतात, आणि आभाळभर या कंपनांच्या दिशेचा एक पॅटर्न तयार होतो जो सूर्याच्या भोवती मांडलेला असतो. आपल्याला तो दिसत नाही, किड्यांना दिसतो. त्यांच्या संयुक्त डोळ्याच्या अगदी वरच्या कडेला खास पट्टा असतो, आभाळाकडे बघणारा, तिथल्या पेशी एका विशिष्ट कोनातल्या कंपनांनाच जोरात प्रतिसाद देतात. त्यामुळे ढगांच्या मधून निळ्या आभाळाचा एवढासा तुकडा दिसला तरी सूर्य कुठे असेल ते कळतं.

बरं, सूर्य तर एका जागी थांबत नाही. सकाळी सूर्य डावीकडे ठेवून निघालं तर दुपारी तीच दिशा पकडायला सूर्य दुसरीकडे ठेवावा लागेल, म्हणून कंपासला घड्याळ जोडलेलं लागतं. मोनार्क फुलपाखरं शरद ऋतूत उत्तर अमेरिकेतून मेक्सिकोच्या डोंगरांपर्यंत जातात, काही तर ४,००० किलोमीटरच्या आसपास, आणि त्यांचं हे घड्याळ चक्क मिशांमध्ये असल्याचं २००९ मध्ये दाखवलं गेलं. मिशांना काळा रंग लावला, म्हणजे त्यांना उजेड कळणं बंद केलं, की फुलपाखरं चुकीच्या दिशेला उडायला लागली, आणि पारदर्शक रंग लावला तर काही फरक पडला नाही.

आता मेंदूच्या आत जाऊ. कीटकाच्या मेंदूच्या अगदी मधोमध, डाव्या-उजव्या भागांच्या मध्ये, एक भाग असतो ज्याला सेंट्रल कॉम्प्लेक्स म्हणतात. टोळ, माशी, मुंगी, मधमाशी, भुंगा, सगळ्यांमध्ये तो सापडतो आणि त्याची ढोबळ रचनाही सारखीच असते, म्हणजे ही फार जुनी, कोट्यवधी वर्षांपासून टिकून राहिलेली गोष्ट आहे. त्यात उभे कप्पे ओळीने मांडलेले असतात. २००७ मध्ये श्टान्ली हाइन्झे आणि उवे होमबर्ग यांनी टोळाच्या मेंदूत बारीक इलेक्ट्रोड घालून बघितलं तेव्हा दिसलं की एका कप्प्यातला न्यूरॉन आभाळातल्या एका कोनाच्या कंपनांना प्रतिसाद देतो, शेजारचा जरा वेगळ्या कोनाला, त्याच्या शेजारचा आणखी थोड्या वेगळ्या, असं करत सगळे कोन क्रमाने लागलेले आहेत. आभाळातली दिशा मेंदूत जागेच्या रूपात उतरलेली.

पण खरा धक्का २०१५ मध्ये बसला. अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात योहानेस झीलिग आणि विवेक जयरामन यांनी फळमाशीला एका हवेवर तरंगणाऱ्या बारीक चेंडूवर चालायला ठेवलं, डोकं पक्कं धरलेलं, भोवती एलईडीची स्क्रीन, माशी वळली की स्क्रीनवरचं दृश्यही तसंच फिरणार. आणि मायक्रोस्कोपमधून तिच्या सेंट्रल कॉम्प्लेक्समधल्या एका भागाकडे बघितलं जो फळमाशीत अक्षरशः गोल कड्यासारखा असतो. न्यूरॉन काम करायला लागले की चमकतील अशी सोय आधीच जनुकात केलेली होती. त्यांना काय दिसलं, तर कड्याच्या एकाच भागात उजेडाचा एक ठिपका, आणि माशी जशी वळेल तसा तो ठिपका कड्यावर फिरतोय. घड्याळाच्या तबकडीवर काटा फिरावा तसा, फक्त इथे काटा वेळेऐवजी माशीचं तोंड कुठे आहे ते दाखवतो. पूर्ण गोल वळली की ठिपकाही पूर्ण गोल.

मग त्यांनी स्क्रीन बंद केली. पूर्ण अंधार. तरी ठिपका गेला नाही! माशी अंधारात वळली तरी ठिपका तिच्याबरोबर सरकत राहिला, हळूहळू थोडी चूक साचत गेली पण चालू राहिला, आणि माशी उभी राहिली तेव्हाही तो बराच वेळ जागेवर टिकून होता. म्हणजे हा नुसता डोळ्यांचा आरसा नाही, मेंदू स्वतः दिशा धरून ठेवतोय.

इथे एक मागची गोष्ट सांगायलाच हवी. उंदरांच्या मेंदूत दिशेचे न्यूरॉन आधीच सापडले होते, १९८० च्या दशकात, आणि ते कसे चालत असतील याचा विचार करताना १९९० च्या दशकात थिअरीवाल्यांनी कागदावर एक मॉडेल काढलं होतं. न्यूरॉन वर्तुळात मांडलेत असं समजा, जवळचे एकमेकांना चेतवतात, लांबचे एकमेकांना दाबतात, मग वर्तुळावर कुठेतरी एकाच ठिकाणी ॲक्टिव्हिटीचा उंचवटा तयार होईल आणि टिकून राहील. उंदराच्या मेंदूत ते न्यूरॉन प्रत्यक्ष वर्तुळात बसलेले नाहीत, वर्तुळ ही फक्त गणिताची सोय होती. आणि माशीच्या मेंदूत ते वर्तुळ खरोखरच, हाडामांसाचं म्हणता येईल असं, समोर दिसलं. एखादं मॉडेल इतक्या शब्दशः खरं निघणं न्यूरोसायन्समध्ये फार क्वचित होतं आणि म्हणून मला हा प्रयोग या सगळ्या विषयातला सर्वात सुंदर वाटतो.

ठिपका सरकतो कसा हेही २०१७ मध्ये कळलं. या कड्यातल्या न्यूरॉनचे सिग्नल दुसऱ्या एका पुलासारख्या भागात जातात, तिथून आणखी एका प्रकारचे न्यूरॉन परत कड्याकडे येतात, पण येताना ते बरोबर त्याच जागी येत नाहीत, एक घर बाजूला येतात. पुलाच्या एका अर्ध्या भागातले एक घर या बाजूला, दुसऱ्या अर्ध्या भागातले एक घर त्या बाजूला. माशी एका बाजूला वळली की एका अर्ध्या भागाचा जोर वाढतो आणि ठिपका तिकडे ढकलला जातो, दुसऱ्या बाजूला वळली की उलट. बास, एवढंच! कुठेही आकडे मोजणारं काही नाही, वायर एक घर सरकवून जोडली आणि झालं काम. आणि डोळ्यांकडून येणारी माहिती काय करते, तर साचलेली चूक दुरुस्त करते, समोरचं दृश्य आणि ठिपक्याची जागा यांची जोडी माशी काही मिनिटांत शिकते, नवीन ठिकाणी गेली तर नवीन जोडी.

आता अंतर. कॅटाग्लिफिस मुंगी अंतर कसं मोजते यावर २००६ मध्ये एक प्रयोग झाला जो एकदा ऐकला की विसरता येत नाही. मुंग्यांना १० मीटर लांबच्या अन्नापर्यंत चालू दिलं आणि तिथे काहींच्या पायांना डुकराच्या केसांचे तुकडे चिकटवून पाय लांब केले, काहींचे पाय थोडे कापून आखूड केले. मग त्या घरी निघाल्या. लांब पायवाल्या वारुळाच्या कितीतरी पुढे गेल्या, १५ मीटरच्या आसपास, आणि आखूड पायवाल्या ६ मीटरच्या आतच थांबून वारूळ शोधायला लागल्या. पण त्याच बदललेल्या पायांनी घरून निघून परत आल्या तेव्हा अंतर बरोबर आलं. म्हणजे पावलांचाच काहीतरी हिशोब चाललेला असतो.

मधमाशी उडते, तिला पावलं नाहीत. ती डोळ्यांसमोरून जग किती सरकलं त्यावर अंतर धरते. मंड्यम श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी माश्यांना नक्षी असलेल्या एका अरुंद बोगद्यातून उडवलं, बोगदा जेमतेम ६ मीटरचा, पण भिंती इतक्या जवळ की नक्षी डोळ्यांसमोरून भराभर सरकते, आणि पोळ्यात परत आल्यावर माशीने जो नाच केला त्यात तिने शंभर मीटरहून कितीतरी जास्त अंतर सांगितलं. (मधमाश्या नाचून अन्नाची दिशा आणि अंतर एकमेकींना सांगतात, तेही फॉन फ्रिशनेच उलगडलं होतं आणि त्याच्या १९७३ च्या नोबेलमागे ते काम होतं.)

दिशा मिळाली, अंतर मिळालं, आता दोन्ही एकत्र करून बेरीज करायची. हा भाग थोडा गणिती आहे पण धीर धरा. समजा कप्पे ओळीने मांडलेत आणि प्रत्येक कप्प्यातल्या ॲक्टिव्हिटीची उंची काढली तर एक लाट दिसते, एका ठिकाणी शिखर, समोरच्या बाजूला दरी. शिखर कुठल्या कप्प्यात आहे ती झाली दिशा, शिखर किती उंच आहे ते झालं अंतर किंवा वेग. म्हणजे एक लाट म्हणजे एक बाण. आणि शाळेत त्रिकोणमिती शिकलेल्यांना आठवत असेल, अशा दोन लाटा कप्प्यागणिक एकमेकींत मिसळल्या की येणारी लाटही तशीच असते आणि ती त्या दोन बाणांची बरोबर बेरीज असते. म्हणून व्हेक्टरची, म्हणजे अशा बाणांची, बेरीज करायला मेंदूला साइन-कोसाइन काही काढावं लागत नाही, कप्प्यात आलेले सिग्नल नुसते एकत्र पडले की बेरीज झालेली असते.

हे नुसतं कागदावरचं नाहीये. २०१७ मध्ये पनामाच्या जंगलातल्या रात्री उडणाऱ्या, मधमाशीच्या जातकुळीतल्या एका माशीच्या मेंदूत असे न्यूरॉन मोजले गेले जे पुढे जाण्याचा वेग आणि दिशा सेंट्रल कॉम्प्लेक्समध्ये आणतात, आणि त्या मोजमापांवर आणि खऱ्या जोडण्यांवर बेतलेलं कॉम्प्युटर मॉडेल वाकडंतिकडं फिरून सरळ घरी परत येऊ शकलं. मग २०२१ च्या शेवटी दोन वेगवेगळ्या गटांनी फळमाशीत प्रत्यक्ष दाखवलं की तोंड एकीकडे असताना वाऱ्याने किंवा स्वतःहून ती आडवी सरकत असेल तर तिचा मेंदू अशाच लाटा एकत्र करून "मी खरंतर कुठल्या दिशेला चाललेय" हे काढतो. तोंडाची दिशा आणि प्रवासाची दिशा वेगळी असू शकते ही साधी अडचण आहे, पण ती सोडवल्याशिवाय घर सापडणार नाही. अन्नाचा मोठा तुकडा ओढत उलटं चालणाऱ्या मुंग्या तर हे रोज करतात.

पुढचा प्रश्न, दिशा कळली पण वळायचं कुठे? २०२४ मध्ये तेही सापडलं. सेंट्रल कॉम्प्लेक्सच्या पंख्यासारख्या भागात काही न्यूरॉन "जायचंय तिकडे" ही दिशा धरून ठेवतात, संशोधकांनी ते न्यूरॉन कृत्रिमरीत्या चालू केले तर माशी ठरावीक दिशेला चालायला लागली. आणि दुसरे न्यूरॉन आत्ताची दिशा आणि जायची दिशा यांची तुलना करतात, यातही डाव्या आणि उजव्या बाजूचे न्यूरॉन विरुद्ध बाजूंना सरकवून जोडलेले आहेत, ज्या बाजूचा सिग्नल जास्त येईल तिकडे वळ. परत तीच सरकवण्याची युक्ती.

मेमरीबद्दल एक प्रयोग मला फार आवडतो. घरी निघालेल्या मुंग्यांना बर्फाने थंड करून बेशुद्ध केलं आणि मग शुद्धीवर आल्यावर सोडलं. त्या दिशा बरोबर धरून निघाल्या पण अंतर विसरल्या होत्या, लवकरच थांबून शोधायला लागल्या. २०२२ चं हे काम आहे आणि त्यावरून दिसतं की त्या बाणाची लांबी आणि दिशा थंडीत सारखी टिकत नाहीत, साठवण्याच्या पद्धतीतच काहीतरी फरक असणार.

आता पाथ इंटिग्रेशनची मोठी अडचण म्हणजे चूक साचत जाते. जितकं लांब जाल तितकी जास्त. म्हणून कीटक नुसते त्यावर अवलंबून राहत नाहीत, आजूबाजूच्या खुणाही शिकतात. निको टिनबर्गन यांनी १९३० च्या सुमारास गांधीलमाशीच्या बिळाभोवती पाइनच्या फळांचं कडं मांडलं, ती बाहेर गेल्यावर कडं बाजूला सरकवलं, आणि परत आलेली माशी बिळाऐवजी कड्याच्या मधोमध उतरली. मुंग्या पहिल्यांदा कामाला निघण्याआधी काही दिवस वारुळाभोवती छोट्या छोट्या फेऱ्या मारतात आणि मध्ये मध्ये गर्रकन वळून वारुळाकडे बघतात, तेव्हा त्या घर वेगवेगळ्या बाजूंनी कसं दिसतं ते शिकतात असं मानलं जातं. आणि जिथे बघायला खूणच नाही तिथे? मिठाच्या मैदानाच्या मध्यावर राहणाऱ्या कॅटाग्लिफिस मुंग्या वारुळाच्या तोंडावर उंच ढीग बांधतात, काठाजवळ झुडपं दिसतात तिथल्या एवढे उंच बांधत नाहीत. शास्त्रज्ञांनी ढीग काढून टाकले तेव्हा कमी मुंग्या घरी पोचल्या आणि उरलेल्या लगेच नवीन ढीग बांधायला लागल्या. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं.

ही दृश्यांची आठवण सेंट्रल कॉम्प्लेक्समध्ये नसून मश्रूम बॉडी नावाच्या, खरोखर छत्रीसारख्या दिसणाऱ्या, जोडभागांत असते. तिथे हजारो बारीक न्यूरॉन असतात आणि कुठल्याही एका दृश्याला त्यातले थोडेच पेटतात, त्यामुळे दोन दृश्यं सहसा एकमेकांत मिसळत नाहीत आणि भरपूर दृश्यं साठवता येतात. २०२० मध्ये दोन वेगवेगळ्या जातींच्या मुंग्यांवर काम झालं, मश्रूम बॉडी निकामी केली की शिकलेल्या दृश्यांवरून वाट काढणं बिघडलं.

रात्री काय? काही शेणकिडे शेणाचा गोळा घेऊन गर्दीपासून सरळ रेषेत पळतात, नाहीतर दुसरा किडा गोळा पळवतो, आणि २०१३ मध्ये दिसलं की चंद्र नसलेल्या रात्री ते आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरतात. डोळ्यांवर टोपी घातली की वाट वाकडी, तारांगणात नुसता आकाशगंगेचा पट्टा दाखवला तरी सरळ. ऑस्ट्रेलियातले बोगाँग पतंग १,००० किलोमीटरपर्यंत उडून डोंगरातल्या गुहांमध्ये उन्हाळा काढायला जातात, पृथ्वीचं चुंबकत्वही वापरतात, आणि २०२५ मध्ये कळलं की ते ताऱ्यांनी भरलेलं आभाळ कंपाससारखं वापरतात, शिवाय त्यांच्या मेंदूत तारांगण फिरवलं की प्रतिसाद देणारे न्यूरॉनही सापडले.

राहिला मोठा वाद, कीटकांच्या डोक्यात नकाशा असतो का? रांडोल्फ मेंझेल यांच्या गटाने २००५ मध्ये मधमाश्यांना रडारवर दिसेल असा बारीक टॅग लावून अनोळखी जागी सोडलं, आधी त्या चुकीच्या बाणावर उडाल्या, मग थोडं भटकल्या आणि मग बऱ्याच लांबून थेट पोळ्याकडे किंवा आधी अन्नाच्या जागेकडे गेल्या. त्यांचं म्हणणं, हे नकाशाशिवाय होत नाही. वेनर आणि होल्क क्रूझ यांनी २०११ मध्ये उत्तर दिलं की काही साठवलेले बाण आणि काही ओळखीची दृश्यं एवढ्यावर हे सगळं करता येतं, नकाशा कशाला हवा. मला दुसरी बाजू जास्त पटते, कारण बाण साठवायची, मिसळायची आणि तुलना करायची यंत्रणा आता न्यूरॉनपर्यंत दिसतेय आणि ती खूप काही करू शकते. पण मश्रूम बॉडीतली ओळखीची दृश्यं आणि पंख्यातला "जायचंय तिकडे"चा सिग्नल एकमेकांशी नेमके कसे बोलतात यावर आता जोरात काम सुरू आहे. २०२४ मध्ये फळमाशीच्या पूर्ण मेंदूचा, १,३९,२५५ न्यूरॉनचा, प्रत्येक जोडणीसकट आराखडा तयार झाला, त्यामुळे निदान तिच्यापुरता हा रस्ता आता वायर धरून एक एक न्यूरॉन बघत जाता येतो.